धुक्यामुळे परतलेलं विमान

(फोनवर. सोल्रुन कोपनहेगनच्या विमानतळावर. धाकटी बहीण बाइन्ता फॅरो बेटांवर, आईच्या घरी.)

बाइन्ता : …वरून दुसरं बटण. बाकीची काळ्या दोऱ्यानं शिवलीत, तेवढं एकच निळ्या.

सोल्रुन : माझ्या कोटाचं? ते मी कालच शिवलं. तुला कसं माहीत?

बाइन्ता : कोट समोर खुंटीला आहे. पाणी गळतंय त्यातून.

सोल्रुन : बाइन्ता, कोट माझ्या अंगात आहे.

बाइन्ता : बरं बाई. वरच्या खोलीतून फोन कसले करतेस, खाली ये.

सोल्रुन : अगं, मी कोपनहेगनला आहे! धुक्यात धावपट्टीच दिसेना. घिरट्या घातल्या आणि फिरलो माघारी. दोन तास जायचे, दोन यायचे, आणि निघाले तिथेच उभी आहे.

बाइन्ता : धुकं आहे खरं. पण तू आलीस ना. मागच्या दारानं. बूट काढलेस, आईचा हात धरून बसलीस. सुकं मटण खाल्लंस.

सोल्रुन : पंधरा वर्षं मी मटणाला शिवलेली नाही.

बाइन्ता : मी तेच म्हटलं. तर ती हसली. म्हणाली, तेराशे किलोमीटर, दोन तास. एवढ्याशासाठी मी इतकी वर्षं का अडून बसले?

सोल्रुन : हा तर तुझा टोमणा आहे.

बाइन्ता : हो. म्हणून तर बरं वाटलं ऐकून.

सोल्रुन : आत्ता कुठे आहे ती?

बाइन्ता : वर नाही… आईच्या खोलीत. केस विंचरतेय तिचे.

सोल्रुन : फोन दे तिच्याकडे.

बाइन्ता : थांब. …घेतला, कानाला लावला, परत दिला. म्हणते, तिला ठरवू दे.

सोल्रुन : मला काहीच ऐकू आलं नाही. शेजारच्या योगवानला बोलव. बाहेर काढा तिला!

बाइन्ता : आणि आईला काय सांगू? हिनं आईला सांगून टाकलंय, मी राहायला आलेय. तीन उन्हाळे आई तुझ्या तोंडून तेवढंच ऐकायला थांबली होती. तुझं आपलं, पुढच्या वर्षी सांगते. महिनाअखेर मी नवऱ्याकडे जाणार, सोल्रुन. मग आईपाशी कोण?

सोल्रुन : तुला भीती नाही वाटत?

बाइन्ता : वाटते. इतका वेळ शेगडीशी बसली, तरी हात गार ते गारच. आई म्हणते, प्रवासातून आलीये, होतील गरम.

सोल्रुन : देवा.

बाइन्ता : उद्या सकाळी धुकं उठेल म्हणतात. तू पहिल्या विमानानं ये. तू दारात आलीस की ती जाईल, असं म्हणाली. पण राहायला आलीस तरच. भेटून परत जायला नाही. …ऐकतेयस ना?

सोल्रुन : आई काय करतेय?

बाइन्ता : गाणं म्हणतेय. कित्येक महिन्यांनी.

सोल्रुन : मग तिला राहू दे, बाइन्ता. मी येणार नाही.