खालच्या पट्टीतली

हॅलो?

…हो, बोल ना.

…अगं, 'जरा हिला फोन द्या' काय म्हणतेस? मीच आहे. …मीच गं ताई, तुझी धाकटी बहीण. …नाही, ते बाथरूममध्ये आहेत. …सर्दी? नाही, सर्दी नाही. घसाही बसलेला नाही. …थांब एक मिनिट, इस्त्री बंद करते, नाहीतर ह्यांच्या शर्टाला भोक पडेल.

हं. बोल.

…आवाज असाच आहे माझा. …असाच म्हणजे असाच. तुझ्याशी फोनवर बोलताना मी बारीक करून बोलायचे. …हो, मुद्दाम. सगळ्यांशीच. बँकेत फोन केला की तिथले लोक मला 'सर, सर' करायचे ना, तेव्हापासून सवय लागली. गळा आवळून बोलायचं. तुझ्याशी अर्धा तास बोलले की मान दुखायची. …तुझ्यामुळे नाही गं! तू काय प्रत्येक गोष्ट अंगावर ओढून घेतेस!

…कधी सोडलं? झाले की सहा-सात महिने. आपण एवढ्यात बोललोच कुठे? तू नुसते फुलांचे फोटो पाठवतेस.

…हां, बघितलास का आमच्या गाण्याचा व्हिडिओ? …कोणी पाठवला? …तुझ्या विहीणबाईंनी? त्यांना कुठून मिळाला? …बरं. म्हणजे पोचला सगळीकडे.

…हो, मीच ती. दुसऱ्या रांगेत, निळ्या ड्रेसमधली. …चुकून नाही गं उभी राहिले. कोणी ढकललंही नाही. माझी जागाच ती. …पुरुषांत, हो. …माहीत आहे मला ते पुरुष आहेत, ताई, मिशा आहेत त्यांना.

…काय म्हणाल्या विहीणबाई? …'तुमच्या बहिणीला बायकांत जागा मिळाली नाही का?' …मग तू काय म्हणालीस? …काहीच नाही? विषय बदललास? …बरं केलंस. त्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

…रागावले नाही. खरंच नाही. विचार काय विचारायचंय ते.

…कसं सुरू झालं? अगं, लॅबमध्ये. …आमच्या दातांच्या लॅबमध्ये, मी आणखी कुठे जाते? मागच्या खोलीत बसून दिवसभर कवळ्या घासायच्या, तोंडाला मास्क, कोणाशी एक शब्द बोलायची वेळ येत नाही. म्हणून तर ती नोकरी आवडायची मला. …हसू नकोस, खरंच. तर एक म्हातारे गृहस्थ आले. नवीन कवळी बसवलेली, आणि 'स' म्हटला की शीळ वाजायची. …हो ना! 'सासू' म्हणायला गेले की दोनदा शीळ. वैतागले होते बिचारे. मालक पुढे त्यांची समजूत घालत होते. मी आतूनच ओरडले, 'वरचे दात जरा पुढे आले असतील, कवळी काढून द्या इकडे!' …एवढंच बोलले.

…कसली देतात! पडदा बाजूला करून सरळ आत आले. म्हणाले, 'आत्ता बोललात ते परत बोला.' मला वाटलं, चिडले. म्हटलं, 'माफ करा हं, मी नुसतं कवळी द्या म्हटलं.' तर डोळे मिटून उभे! 'अजून काहीतरी बोला.' …अगं, काय बोलणार? मी म्हटलं, 'ओठ मिटा, दात दाबा.' …दुसरं काय सुचणार, मालक पुढे दिवसभर सगळ्यांना हेच सांगत असतात!

…वेडे नाहीत गं. गाण्याचा गट चालवतात. मास्तर म्हणतात त्यांना सगळे. शाळेच्या हॉलमध्ये जमतात, दर शनिवारी संध्याकाळी. 'तुम्ही याच,' म्हणाले. आणि शीळ वाजवत गेले.

…छे, लगेच कशाला जाते? मला काय माझं गाणं माहीत नाही? शाळेतल्या गाण्याच्या बाई आठवतात तुला? …त्याच, चष्म्याला दोरी होती त्या. वार्षिक कार्यक्रमाच्या वेळी मला म्हणाल्या, 'तू मागे उभी राहा आणि नुसते ओठ हलव.' …तू पुढे माइकवर होतीस, तुला कसं ऐकू येणार? …नाही, घरी कोणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? मला वाटलं, बरोबरच आहे त्यांचं. पण ओठ छान हलवायचे हं मी. आई घरी येऊन म्हणाली होती, 'दोघी किती छान गायलात गं!'

…अगं, त्यात काय सॉरी? तू थोडंच सांगितलं होतंस?

…का गेले… खरं सांगू? हे गावाला गेले होते, लेक हॉस्टेलवर, घरात मी एकटी. कपड्यांच्या घड्या ठेवता ठेवता सहज काहीतरी गुणगुणले, आणि दचकून गप्प बसले. …कोणी आलं नव्हतं, ताई. घर रिकामं. ऐकणार कोण होतं, कपाट? तरी गप्प बसले. मग मलाच वाटलं, हे जरा अती होतंय. चप्पल घातली आणि निघाले. शनिवारच होता.

…नाही ना! पहिल्या दिवशी बायकांतच उभं केलं मला. त्यांची पट्टी ही अशी उंच. दोन ओळींत घसा सोलून निघाला. मग काय, जुनी विद्या कामाला आली, ओठ हलवायला लागले. तर मास्तरांनी हात वर केला. सगळं थांबलं. 'बाई, तुमचा आवाज येत नाही.' मी म्हटलं, 'येणार कसा, मी नुसते ओठ हलवतेय.' …अगं, खरंच म्हटलं! पटकन तोंडातून गेलं. सगळा हॉल हसला. …नाही, वाईट नाही हसले. पण माझे कान तापले. पर्स उचललीच होती मी. तर मास्तर म्हणाले, 'निघालाच आहात तर दारापर्यंत जाऊ नका, मध्येच थांबा. तिथे, त्या लोकांत.' आणि पुरुषांकडे बोट.

…गेले की. एक बसचे ड्रायव्हर आहेत, एक औषधांच्या दुकानवाले. ड्रायव्हर जरा सरकले, म्हणाले, 'या वहिनी, पंख्याखाली उभ्या राहा. आणि घाबरू नका, वरचा सूर आमच्यात कोणालाच लागत नाही.' …हो, तेच. माझ्या शेजारी जाडेसे आहेत ना, ते.

…मग गायले.

…कसं वाटलं म्हणजे… आता कसं सांगू? वॉशिंग मशीन फिरताना वर हात ठेवला की हाताला कसं लागतं? तसं छातीला, आतून. आणि गळ्याला काही त्रासच नाही. ओढायचं नाही, ताणायचं नाही. …छे, रडले वगैरे नाही. भूक मात्र सडकून लागली. घरी येऊन उभ्या उभ्या अर्धा पाव संपवला.

…हो, पुरुषी आहे. म्हण की, चाचरतेस काय? …नाही टोचत आता. घोगरा, पुरुषी, फाटक्या ढोलासारखा, सगळं ऐकून झालंय. किती गुळण्या केल्या मी! किती मध चाटला! तूच मला घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होतीस, आठवतं? त्यांनी नळी घालून बघितलं आणि म्हणाले, 'काही बिघाड नाही.' आणि आपण दोघी तोंडं पाडून बाहेर आलो. …अगं, पाडूनच! बिघाड निघाला असता तर दुरुस्त करता आला असता ना.

…फरक काय पडायचा? पगार तोच, कवळ्या त्याच. पण कवळ्या घासता घासता गाते आता. मालक म्हणाले, 'बाई, मशीनचा आवाज कुठला आणि तुमचा कुठला, कळत नाही. बंद कोणाला करू?' …मी म्हटलं, मशीनला करा. …म्हटलं ना! तोंडावर म्हटलं. आणि झोप लागते गं. आधी लागत नव्हती असं नाही, पण सकाळी उठताना आज शनिवार आहे का ते बघते. लहानपणी बघायचो तसं.

…कार्यक्रम ना? झाला गेल्या रविवारी. माझ्या एकटीच्या चार ओळी होत्या. …तो भाग नाही का तुझ्या व्हिडिओत? सुटलीस. पहिल्याच ओळीला मागून कोणीतरी हसलं. चांगलं मोठ्याने. …अगं, बाई पुढे येते, तोंड उघडते आणि हा आवाज! लोकांना तरी काय ठाऊक? …थांबले नाही. पुढचा शब्द जरा घाईत म्हटला, नाही म्हणत नाही. पण ड्रायव्हरांनी बाजूला नुसता घसा खाकरला, म्हणजे मी आहे हं इथे. तोवर पुढची ओळ आली, ती म्हटली. मग तिसरी आली. …हसणारा? गप्प झाला असेल, नाहीतर उठून गेला असेल. मी बघितलंच नाही. मला मजा येत होती. …मजा म्हणजे मजा, ताई! त्यात काय समजावून सांगायचं?

…टाळ्या पडल्या. सगळ्यांना पडल्या तेवढ्याच. …हे आले होते ना. पहिल्या गाण्याला डोळा लागला, माझ्या ओळींना जाग आली म्हणाले. घरी येताना स्कूटरवर एवढंच म्हणाले, 'भाजीवाला आता तुझ्याशी घासाघीस करणार नाही.' …हो, तेच त्यांचं कौतुक.

…नाही, ताई. …नाही. पुढच्या वेळीही बायकांत उभी राहणार नाही. …शोभत नाही तर नाही. …विहीणबाईंना काय सांगायचं ते तू ठरव. …मी ठरवू? मग सांग, माझ्या बहिणीचा आवाजच तसा आहे. तुझ्या लेकीचा संसार काही त्यामुळे मोडत नाही.

…अगं, पण एवढी चिडतेस कशाला? तुझं काय बिघडलं त्यात? …हॅलो?

…ताई?

…रडतेयस?

…बरं, बरं. नको बोलूस. मी आहे.

…अहो, टॉवेल दोरीवर आहे, दोरीवर! …काही नाही गं, ह्यांना सांगत होते. बोल.

…काय गेलं? …वरचं? वरचे सूर? …कधीपासून? …त्या गळ्याच्या ऑपरेशनपासून? अगं, त्याला दोन वर्षं होऊन गेली! …तू तर म्हणायचीस, नातवंडांमुळे वेळ मिळत नाही. …म्हणजे गाण्याच्या शिकवण्या त्यासाठी बंद केल्यास? …भावोजींना तरी माहीत आहे का? …त्यांनाही नाही? अगं बाई!

…हं. …हं. ऐकतेय.

…म्हणजे विहीणबाई नुसतं निमित्त. …नाही, मला कशाला वाईट वाटेल? तू पुढे माइकवर असायचीस आणि मी मागे, आणि आता हे असं उलटं. मलाही विचित्र वाटलं असतं. …चिडलीस ते बरंच झालं. नाहीतर अजून दोन वर्षं फुलंच पाठवत बसली असतीस.

…नाही. 'येईल परत' असं मी म्हणणार नाही. मला काय ठाऊक? मलाही सगळे सांगायचे, होईल बारीक. मोठी झाल्यावर होईल, लग्नानंतर होईल, बाळंतपणानंतर होईल. वाट बघण्यात निम्मा जन्म गेला. तू नको बघूस.

…वर नाही ना जात? मग खाली काय उरलंय? …बघितलंच नाहीस? दोन वर्षांत एकदाही? …धन्य आहे तुझी.

…आत्ता म्हण. …फोनवरच. …घरात कोण आहे? …कोणी नाही ना? मग झालं तर. …आई कपडे वाळत घालताना म्हणायची, ते म्हण. …नाही, तुझ्या पट्टीत नको. खाली घे. …अजून खाली. …लाजतेस काय? समोर परीक्षक बसलेत का?

…हं.

…

…का थांबलीस? …फाटला, हो. ऐकू आलं मला. फाटू दे. त्याच ओळीवर परत ये. …नाही, खोकू नकोस, तशीच म्हण.

…

…नाही गं, पूर्वीसारखा नाही. कशाला खोटं सांगू? पूर्वीचा म्हणजे काचेच्या पेल्यावर चमचा वाजावा तसा. हा… हा आईसारखा आहे, ताई. …शपथ. शेवटच्या ओळीला मला वाटलं, बाल्कनीत तीच आहे आणि चिमटे मागतेय. …रड, पण म्हणता म्हणता रड. …दुसरं कडवं? मला येत असतं तर तुला कशाला विचारलं असतं? म्हण.

…हं. …थांबू नकोस, माझ्या फोनची बॅटरी ओरडतेय, मी चार्जर बघते. तू चालू ठेव. …हं… ही ओळ परत घे, ही परत…

हॅलो? …ताई?

हॅलो?

…अहो! अहो, तुमचा फोन द्या इकडे. …माझा बंद पडला. …ताई होती. …नाही, भांडण नाही झालं. …रडत? नाही हो, गात होती! …आपली ताईच, दुसरी कोण? मध्येच तुटलं… द्या लवकर!