ताईंची सात मिनिटं

नमस्कार. सगळे बसलात का? दाराशी उभे आहेत त्यांनी पुढं या, इथं गालिच्यावर जागा आहे. कुमुदताईंना दारात उभी राहिलेली माणसं आवडायची नाहीत.

मी माधुरी. इथं दोह्यातच, अल सद्दला राहते. मुऐदरच्या या घरात, याच मजलिसमध्ये, या बैठकीच्या खोलीत, गेली चौदा वर्षं दर शुक्रवारी सकाळी येते आहे. ताईंचा मुलगा अभय इथं यायच्या आधी पुण्याहून फोनवर म्हणाला, "मावशी, सभेत शेवटी तुम्ही बोला. आईच्या सगळ्यात जवळच्या तुम्ही." मी हो म्हटलं. दोन पानं लिहिलीही. आज सकाळी ती वाचून बघितली. खोटी नव्हती, पण अर्धी होती. म्हणून ती पर्समध्येच राहू देते.

बोलणं जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही. राग आलाय म्हणून. शोकसभेत रागावून बोलू नये हे मला कळतं. अभय, वाटलं तर मला थांबव. पण तू थांबवणार नाहीस. या खोलीत कुणी बोलत असेल तर मध्ये बोलायचं नाही, हा तुझ्याच आईचा नियम.

तो नियम कुठून आला ते आधी सांगते. इथल्या पुरुष मंडळींना ते कधी कळलंच नाही. तुम्हाला वाटायचं, बायका पोहे खायला जमतात.

ताई लग्न करून लेस्टरला गेल्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. मोज्यांच्या कारखान्यात लागल्या. शेजारी एक गोरा. तेच मशीन, तेच मोजे, पगार मात्र त्याला जास्त. ताईंनी का म्हणून विचारलं. सुपरवायझर म्हणाला, त्याला घर चालवायचं असतं. हे सांगताना ताई हसायच्या. "अगं, मग मी काय चालवत होते?" पुढं स्वतःच्या पगारावर हप्त्यानं शिलाई मशीन घ्यायला गेल्या, तर दुकानदार म्हणाला, नवऱ्याची सही आणा. "आणि हे विलायतेत बरं का! मला वाटलं होतं, राणी आहे म्हणजे बायकांचं राज्य असेल."

त्यांची शेजारीण पॉलीन. ती एका बुधवारी ताईंना चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेली. साडी, त्यावर स्वेटर, त्यावर कोट, अशा ताई जाऊन बसल्या. बारा बायका गोल करून बसलेल्या. प्रत्येकीला सात मिनिटं. कुणी मध्ये बोलायचं नाही. कुणी सल्ला द्यायचा नाही. आणि गोलातलं गोलातच ठेवायचं. पहिल्या बुधवारी कुणी बोललंच नाही. दुसऱ्या बुधवारी एकजण म्हणाली, नवरा मारतो. तिसऱ्या बुधवारी तेच आणखी चौघी म्हणाल्या.

ताई म्हणायच्या, "तोपर्यंत जिला तिला वाटत होतं, हे माझ्याच घरातलं. बोलल्यावर कळलं, हे सगळ्या देशातलं." असे गोल तेव्हा गावोगावी बसत होते. त्यातूनच बायका रस्त्यावर आल्या. समान पगार मागितला, पाळणाघरं मागितली, मार खाणाऱ्या बायकांसाठी हक्काची घरं उघडली. कायदे बदलले. दुकानदार सही मागायचे थांबले. आज तिथल्या पोरींना हे सांगितलं तर खरं वाटत नाही म्हणे. ताई काही त्या बायकांची नुसती आरती ओवाळायच्या नाहीत. कारखान्याच्या गेटवर भारतीय बायका संपाला बसल्या तेव्हा त्या बाराजणींतून एकटी पॉलीन आली होती, चहाचा थर्मास घेऊन. आम्ही विचारायचो, बाकीच्या? ताई म्हणायच्या, "त्यांचा सुट्टीचा शनिवार होता."

नवऱ्याला दोह्यात नोकरी लागली आणि ताई इथं आल्या. येताना पॉलीननं त्यांना हे दिलं. मागच्यांना दिसतंय का? अंडी उकडताना लावतात ते घड्याळ. पिळायचं, टिकटिक करतं, वेळ झाली की घंटी वाजते. मघाशी आत अभयनं ते माझ्या हातात दिलं. खाली चिठ्ठी चिकटवलेली आहे, ताईंच्या अक्षरात. माधुरीला द्या.

या घड्याळावर आमच्यातली एक गाडी शिकली. एकजण नोकरीसाठी तीन वर्षं नवऱ्याकडं एनओसीचं, त्याची हरकत नसल्याचं, पत्र मागत होती, तिनं ते मिळवलं. चपलांशेजारच्या टोपलीत फोन टाकायचे आणि गोलात बसायचं. खाली गाड्यांमध्ये एसी लावून आमचे नवरे करक चहा पीत थांबायचे. मी नाशिकची, तोंडानं फटकळ, पण खरं बोलायला मी या खोलीत शिकले.

ताईंचा नंबर आला की मात्र त्या लेस्टरची गोष्ट सांगायच्या. नाहीतर हात हलवून म्हणायच्या, "यल्ला, पुढची!" आम्हाला वाटायचं, केवढं मोठं मन, स्वतःची सात मिनिटं आपल्याला देऊन टाकतात.

आता माझं सांगते.

अकरा वर्षांपूर्वी मला इंग्लंडच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. आहारशास्त्र, दोन वर्षं, शिष्यवृत्तीसकट. अर्ज मी गुपचूप केला होता. रेवा तेव्हा नऊ वर्षांची. तिला घेऊन जायचं ठरवलं होतं. ताईंच्या गोष्टी ऐकूनच तर ही हिंमत आली होती! घरी सांगायच्या आधी मी ते गोलात सांगितलं. घंटी वाजली. नियमाप्रमाणे कुणी काही बोललं नाही. ताईंनी फक्त माझ्याकडं बघितलं.

त्या दिवशी मी वरच्या खिडकीत उभी होते. ताई थालीपिठाची ताटली घेऊन स्वतः खाली गेल्या. आमच्या गाडीपाशी वाकल्या. प्रशांतनं, माझ्या नवऱ्यानं, काच खाली केली. बराच वेळ बोलत होत्या. मला भरून आलं. म्हटलं, या वयात, गुडघे दुखत असताना, माझ्या नवऱ्यासाठी गरम थालीपीठ घेऊन जिना उतरल्या. हे चित्र मी अकरा वर्षं जपलं.

त्याच आठवड्यात प्रशांत म्हणाला, "आईला कायमचं इथं आणतोय. तिचं आता तुझ्याशिवाय कोण करणार?" इंग्लंडचा विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही. सासूबाई आल्या. पत्र फाईलमध्ये गेलं. तारीख उलटली. खलास.

पुढं एका शुक्रवारी मी गोलात म्हटलं, मी नाही जात. मी भित्री आहे. मला साधं तोंड उघडता आलं नाही. सात मिनिटं मी स्वतःला भित्री म्हणत होते. आणि ताई घड्याळाकडं बघत होत्या.

पंधरा दिवसांपूर्वी, मंगळवारी, आपण ताईंना विमानतळावर पोचवलं. ताईंना ठेवलेली ती लाकडी पेटी कार्गोच्या दारातून आत गेली. परत येताना प्रशांत गाडी चालवत रडत होता. म्हणाला, "ताईंचे फार उपकार आहेत गं आपल्यावर. त्यांनी तेव्हा सांगितलं नसतं तर तू गेली असतीस."

त्याला वाटलं, मला माहीत आहे. त्याला वाटलं, ताईंनी मला कधीतरी सांगितलं असेल. मी गाडी कडेला घ्यायला लावली. काय सांगितलं होतं ते शब्दन् शब्द विचारलं. गोलात मी सांगितलेलं इंग्लंडचं त्याला सांगून ताई म्हणाल्या होत्या, "तिच्याशी भांडू नकोस. अडवू नकोस. आईला घेऊन ये. ती आपणहून थांबेल."

ऐकलंत ना? आपणहून.

प्रशांत, तू समोर बसला आहेस. मान खाली घालू नकोस. तुझ्याशी माझं भांडण घरी चालू आहे, ते घरीच होईल. तू नवरा आहेस, तुला बायको घरात हवी होती. पण ताई? मी कुठं मोडते हे त्यांना माहीत होतं, कारण ते मीच त्यांना दर शुक्रवारी सांगत होते. त्यांनी बरोबर तिथंच बोट ठेवलं.

कुणी म्हणेल, तुझ्या भल्यासाठी केलं. संसार टिकला, रेवा शिकली, सासूबाईंची सेवा घडली. असेल. मोज्यांच्या कारखान्यातला तो सुपरवायझरही सगळ्यांच्या भल्याचंच बोलत होता. अहो, ताईंनी मला तोंडावर म्हणायचं होतं, जाऊ नकोस माधुरी. कदाचित मी ऐकलंही असतं! रेवाला हे परवा सांगितलं. वीस वर्षांची आहे आता, मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. म्हणाली, "आई, यू वेअर नेव्हर अ कॉवर्ड." माझ्या मुलीनं मला अकरा वर्षांचं ओझं एका वाक्यात खाली ठेवायला लावलं. ते ताईंना केव्हाही करता आलं असतं. दर शुक्रवारी करता आलं असतं.

प्रशांतनं आणखी एक सांगितलं. निघताना ताई म्हणाल्या होत्या, "लेस्टरला मी दोन वर्षं एकटी राहिले आहे. तिथं एकट्या बाईचं काय होतं ते मला माहीत आहे." आम्हा कुणालाच हे माहीत नव्हतं. अभयलाही नव्हतं. का एकट्या राहिल्या? काय झालं? सोबत कोण होतं? चौदा वर्षं गोलात बसून आम्हाला पॉलीनचा थर्मास माहीत आहे, आणि ताईंची ती दोन वर्षं माहीत नाहीत. आम्ही आतडी काढून दाखवायची आणि त्यांनी यल्ला म्हणायचं. सात मिनिटं देऊन टाकत नव्हत्या त्या. लपवत होत्या.

मी त्यांना माफ केलेलं नाही. फोटोसमोर उभी राहून सांगते. आणि परवा थालीपीठ लावताना ताईंना फोन करायला हात गेला, हेही सांगते. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

घड्याळ मी घेते आहे. शुक्रवारी दहा वाजता, अल सद्दला, माझ्या घरी. नियम तेच. एक नवीन, खाली गाडीपाशी कुणी ताटली घेऊन जायचं नाही. आणि ज्या बाईचा नंबर येईल ती बोलेल, नाहीतर सात मिनिटं गप्प बसेल. यल्ला चालणार नाही.

सभेत दोन मिनिटं शांत उभं राहतात. आज आपण बसूनच राहू. दोन मिनिटं नाही, सात. मी हे पिळते आहे आणि फोटोसमोर ठेवते आहे. घंटी वाजेपर्यंत कुणी उठू नका, कुणी खाकरू नका, रडायचं असेल त्यांनी रडा.

ताई, तुमचा नंबर. बोला. कुणी मध्ये बोलणार नाही.