चित्रातली भांडी घासणारी बाई

ताई, आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, शाळाच चौथीत सुटली. तुम्ही कामवाल्या बायकांच्या गोष्टी गोळा करता, म्हणून म्हणालात फोन समोर ठेव आणि बोल, मी नंतर उतरून घेते, पण काय सांगू तुम्हाला, त्या फोनवर तांबडा ठिपका लागला की माझी जीभ उचलत नाही. म्हणून तुम्ही गेल्यावर मुलीच्या जुन्या वहीत बसून लिहिलं. चुका तुम्ही दुरुस्त करा, बाकी मी सांगितलं तसंच राहू द्या.

माझं माहेर बेळगावच्या बाजूला, खेड्यात. शाळा मराठी, चार वर्गांना मिळून एक मास्तर. चौथीला मी पहिली आले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण वर्गात आम्ही सहाच जण होतो. पाचवीची शाळा नदीपलीकडे, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणी नाही, म्हणून राहिलं ते राहिलं. लग्न होऊन आले ती इथे बेंगळुरात, चामराजपेटेत. सासरचे म्हणतात आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात पण अर्धी कन्नड, जरा थांबला स्वल्प थांब, बरं बरंला सरी सरी, असं सगळं, मला पहिलं वर्षभर कळायचंच नाही. मालक यशवंतपूरच्या बाजारात टेंपोवर आहेत, एक मुलगी, ती नर्सिंग शिकते.

मी घरकाम करते. त्यातली नऊ वर्षं एकाच घरी, बनशंकरीला, रिबकाअक्कांकडे. अक्का यहुदी. यहुदी म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. घरात देव्हारा नाही, फोटो नाहीत, दाराच्या चौकटीला एक लहानशी नळी तिरकी ठोकलेली, जाता-येता अक्का तिला बोट लावून ते ओठाला लावतात. मला वाटलं आता ह्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं, तर त्या म्हणाल्या, अगं बस, चहा घेणार का? माझ्यापेक्षा चांगलं मराठी! कोकणातल्या त्या, त्यांचे आजे-पणजे तेलाचा घाणा चालवायचे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. अक्का स्वतः लहान मुलांच्या शाळेत बाई होत्या. यजमान इथल्या कारखान्यात होते, ते गेले, मुलगा इस्राएलला, अक्का इथेच.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, शनिवारी यायचं नाही. मी मनात म्हटलं, म्हणजे पगार कापणार, पण विचारायचं धाडस कुठलं. महिना भरला, पाकीट उघडलं तर पूर्ण पैसे. मी दोन दिवस ते पाकीट पदरात घेऊन फिरले आणि मग म्हटलं, अक्का, शनिवारचे जास्त आलेत. त्या हसल्या. म्हणाल्या, जास्त नाहीत, आमच्यात तो विसाव्याचा दिवस, घरच्यांना, चाकरमाणसाला, परक्याला, गोठ्यातल्या जनावरालासुद्धा, मग तू कशी काम करशील? घरी जाऊबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, काय गं, तुझी मालकीण शनिवारी मारुतीला जाते का? मी म्हटलं, नाही, दिवा लावून बसते. तर म्हणे, मग मलाही त्या घरी लाव की.

अक्का मुलांची पुस्तकं लिहितात. अशी पातळ, मोठ्या अक्षरांची, चित्रांची. त्यांच्या माणसांची जी मुलं ठाण्याला आहेत, अलिबागकडे आहेत, इस्राएललाही ज्यांच्या घरात अजून मराठी बोलतात, त्यांच्यासाठी. कुठे मलिद्याच्या ताटाची गोष्ट, कुठे पाहुण्याला उपाशी न पाठवणाऱ्या आजीची. त्या म्हणतात, मुलांना नुसतं असं करू नका, तसं करू नका सांगितलं तर ती पळतात, गोष्ट सांगितली तर मांडीवर येऊन बसतात.

मग त्यांच्या डोळ्यांत मधोमध डाग आला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. एक दिवस मी केर काढत होते, तर म्हणाल्या, इंदू, हे जरा वाच. मी घाबरले. म्हटलं, अक्का, मी चौथी शिकलेली. तर म्हणाल्या, माझी पुस्तकं तिसरी-चौथीच्याच मुलांची आहेत, तुझ्याइतकं योग्य माणूस मला बेंगळुरात मिळायचं नाही. पहिल्या दिवशी माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. एका शब्दापाशी अडले, सॉरी अक्का म्हटलं, तर त्यांनी पेन्सिल उचलली आणि म्हणाल्या, तू अडखळलीस तर चूक माझी, तिथे माझं वाक्य वाकडं आहे. आणि खरंच त्यांनी तो शब्द काढला. ताई, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं की मी अडखळले तर चूक दुसऱ्याची. तेव्हापासून काम उरकलं की मी रोज वाचायची. पाच पुस्तकं वाचली मी अशी.

सहावं पोवळ्याचं. पोवळ्या हा तेल्याचा बैल, आठवडाभर घाण्याभोवती फिरतो, आणि शनिवारी सकाळी आजोबा त्याचं जू काढून त्याला फणसाच्या सावलीत बांधतात. शेजारगावचा सावकार जास्त पैसे देतो म्हणतो, एक शनिवार बैल दे, पण आजोबा देत नाहीत. फार गोड गोष्ट. चित्रं एका मुलीने काढली, ती पुण्याहून इथे कामाला आलेली. छापखाना चामराजपेटेत, आमच्या गल्लीच्या मागेच, शिवण्णांचा, म्हणून कागद आणायचं-न्यायचं माझ्याकडे. शिवण्णांनी सगळे कागद छापून झाल्यावर एक प्रत हाताने घडी घालून माझ्या हातात दिली, म्हणाले, अम्मांना दाखव, सरी म्हणाल्या की उद्या शिवायला घेतो.

मी बसमध्ये ते उघडलं. शेवटच्या पानावर मोठं चित्र, शनिवारचं घर. आजोबा ओटीवर, मुलं खेळतायत, पोवळ्या सावलीत डोळे मिटून बसलाय, त्याच्या शिंगावर चिमणी. आणि मागे, विहिरीपाशी, अगदी कोपऱ्यात, एक बाई वाकून भांडी घासतेय. हा एवढा ढीग. पदर खोचलेला. मी बनशंकरी येईपर्यंत दुसरं काही पाहिलंच नाही.

अक्कांना काही बोलले नाही. मी कोण बोलणारी? चहा केला, वाचायला बसले. शेवटच्या पानावर वाक्य होतं, आज घरात सगळ्यांना विसावा. सोपं वाक्य. आणि मी अडखळले. अक्कांची पेन्सिल वर झाली. म्हणाल्या, इथे काय अवघड आहे? पुन्हा वाच म्हणाल्या, पुन्हा अडखळले. अगं काय झालं? मग तोंडातून निघून गेलं, अक्का, बैलाला सुट्टी, मग बाईला का नाही?

त्यांना कळेना. मी भिंग दिलं, पान तिरकं धरून त्यांनी कडेच्या नजरेने ते चित्र शोधलं. मग भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, लहानपणी आमच्याकडे भांड्यांना गंगू यायची, मीच त्या मुलीला सांगितलं घर भरलेलं काढ, विहिरीवर गंगू काढ. शनिवारी यायची गं ती. खरं होतं तेच काढलंय. आवाज जरा कडक होता. मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात गेले. आणि काय करणार, ओट्यावर भांडी होती, ती घासायला लागले. डोळ्यांत पाणी, कशाला बोललीस म्हणून स्वतःलाच शिव्या घालत होते.

मागून अक्का आल्या, भिंत धरून. नळ बंद केला. म्हणाल्या, साठ वर्षं ते घर माझ्या डोळ्यांपुढे आहे, आणि त्यात ती उभी आहे हे मला दिसलं नाही, आता डोळे गेल्यावर दिसलं. सांग, काय करू?

चित्रवाल्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, आंटी, काही टेन्शन नाही, मी तिला पुसून टाकते, दोन मिनिटांचं काम. मी लांबूनच म्हटलं, पुसू नका. अक्का म्हणाल्या, का? मी म्हटलं, पुसली तर ती कुठे जाईल? तिला बसवा. पोवळ्याशेजारी, झाडाखाली. आणि भांडी तशीच राहू द्या, पाणी घालून. अक्का म्हणाल्या, मग मुलं विचारतील भांडी का तशीच? तर मी म्हटलं, भांडी म्हणाली, आम्हालाही सुट्टी. अक्का इतक्या मोठ्याने हसल्या की खालचे शेट्टी वर बघायला लागले. म्हणाल्या, लिही, हे वाक्य तुझ्या हाताने लिही.

पण शिवण्णा तयार होईनात. ते म्हणाले, अम्मा, एका मोठ्या कागदावर आठ पानं असतात, दोन्ही बाजूंनी रंग, हे एक पान बदलायचं तर पाचशे कागद पुन्हा. आणि त्या कोपऱ्यात कोण बघतंय, मुलं बैल बघतात. अक्कांकडे होते तेवढे पैसे छपाईत गेले होते. मुलाकडे मागणार नाहीत, तो आधीच म्हणायचा, अम्मी, मराठी वाचणारं कोण उरलंय. त्या म्हणाल्या, राहू दे इंदू, पुढच्या छपाईत बघू. पण तोंड उतरलेलं.

माझी चीटी लागली होती, गल्लीतल्या बायकांची भिशी हो. कानातल्या कुड्या करायच्या म्हणून तीन वर्षं भरत होते. मी ते पैसे रुमालात बांधून नेले. अक्का रागावल्याच. वेडी झालीस काय, तुझ्या घामाचे पैसे माझ्या पुस्तकात? मी वाद घालणारी बाई नाही, तुम्ही बघता ना, पण त्या दिवशी म्हटलं, अक्का, मी अडखळले तर चूक तुमची, हे तुम्हीच म्हणता, मग मी अडखळलेय. त्यांनी रुमाल हातात घेतला. एवढंच म्हणाल्या, कागदावर लिहीन, फेडीन, आणि तू नाही म्हणायचं नाही. मालकांना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले, मग म्हणाले, लोक मालकिणीकडून उसने आणतात, तू देऊन आलीस! आणि पुन्हा जेवायला लागले.

पुस्तक झालं. गंगू फणसाखाली बसलीय, पाय पसरून, हातात मलिद्याची वाटी, पोवळ्या तिच्याकडे बघतोय. अक्कांनी नातवाला फोनवर दाखवलं, पाच वर्षांचा आहे, त्याला मी वाचून दाखवलं, भांडी म्हणाली आम्हालाही सुट्टी, तर तो लोळून लोळून हसला, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, मी सात वेळा म्हटलं. फोनवर, ताई, मी! आणि मागच्या पानावर लिहिलंय, वाचून पाहिलं, इंदू. मुलगी ते पान हॉस्टेलवर सगळ्यांना दाखवून आली. जाऊबाई म्हणाल्या, आता सही द्यायला लागशील. आमच्या घरीही आता शनिवारी दुपारची भांडी पाणी घालून पडून असतात, मालक विचारतात, काय गं हे, मुलगी म्हणते, अप्पा, त्यांनाही सुट्टी. मग संध्याकाळी तेच घासतात, आवाज करत.

अक्का पैसे थोडे थोडे देत गेल्या. ठाण्याच्या लोकांनी पुस्तकांचा एक गठ्ठा मागवला, थोडे दिले, शाळेतल्या एका बाईंनी घेतली, थोडे दिले. मी म्हणायची घाई नाही, त्या म्हणायच्या मला आहे.

परवाचा शुक्रवार. अक्कांचा शनिवार शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला की सुरू होतो. काम उरकून मी चपला घालत होते, ऊन गच्चीच्या कठड्यावर आलेलं. टेबलावर काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, वात तयार. अक्का म्हणाल्या, इंदू, थांब, लवकर ये, दिवा लागला की मी पैशाला हात लावत नाही, मग रविवारपर्यंत मी तुझी कर्जदार. नोटा माझ्या हातात ठेवल्या, बोटांनी चाचपून एकेक. मग तो कर्जाचा कागद काढला, माझ्याकडून वाचून घेतला, मी कुठेही न अडखळता वाचला, आणि त्यांनी तो फाडला. म्हणाल्या, आता कानात काहीतरी घाल बाई, त्या प्लास्टिकच्या काड्या बघवत नाहीत. डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या, अर्थ मी विचारला नाही.

सगळे पैसे फिटले, ताई. मी दार ओढून घेतलं तेव्हा आत काडी ओढल्याचा आवाज आला.