दोन साहेबांची रेवती

बसा मंडळी, बसा! जरा पुढं सरका, मागच्यांना टेकू द्या. आज एक प्रश्न विचारतो. पाप कोणाचं मोठं? जो वाईट बोलला त्याचं — की ज्यानं चांगलं बोलायचं, आणि तोच गप्प बसला, त्याचं? थांबा, थांबा! लगेच उत्तर नको. वहिनी, तुम्ही तर मुळीच नको! आधी ऐका.

हिंजवडीत एक भलीमोठी कंपनी. कॉम्प्युटरवाली. बारा मजले, सगळी काच! आणि तिथं एक अजब रीत — प्रत्येकाला साहेब दोन! एक खात्याचा, एक कामाचा. माझा भाचा तिथंच आहे. म्हणतो, "मामा, याला मॅट्रिक्स म्हणतात. उभे धागे खात्यांचे, आडवे धागे कामांचे, आणि मधल्या गाठीवर आम्ही." म्हटलं, बाबा रे, एवढा पगार घेऊन हे शोधलंत? आमची आजी चुलीपुढं बसून सांगायची — दोन घरचा पाहुणा उपाशी!

हसताय! हसा. पुढं हसू येणार नाही.

तर त्या कंपनीत मुकुंदराव आगाशे. कामाचे साहेब. एका मोठ्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर त्यांच्याकडं. माणूस वाईट नाही हं! संकष्टी करणारा, कोणाला टाकून न बोलणारा. त्यांच्या हाताखाली रेवती खुपेरकर — आजऱ्याची लेक. नवरा विनाअनुदानित शाळेत मास्तर, म्हणजे घर हिच्याच पगारावर. पोरगी पहिलीत. आणि रेवतीच्या खात्याच्या साहेब दुसऱ्या — शैलजाबाई मिरजकर.

गेल्या दसऱ्याला काय झालं, त्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर बसलं! रुग्ण दारात उभे, नंबर कोणाचा ते कळेना. मुकुंदरावांचा फोन गेला. रेवती घरी तोरण बांधत होती. हातातली झेंडूची फुलं खाली ठेवली आणि तशीच निघाली! संध्याकाळी सगळं सुरू करूनच उठली. मुकुंदराव म्हणाले, "रेवती, हे मी विसरणार नाही." विसरले नाहीत हो! तेच तर दुखणं आहे.

वर्षाअखेर तिथं एक बैठक भरते. भिंतीवर एकेक नाव झळकतं. नाव आलं की त्याच्या साहेबानं म्हणायचं — "उत्तम!" पण मेख अशी, की एका साहेबाला "उत्तम" म्हणायची मुभा दोनदाच! आणि ज्याच्यासाठी कोणीच बोललं नाही, ते नाव तळाच्या रांगेत. तळाच्या रांगेला काय मिळतं? नारळ! प्रसादाचा नव्हे बरं — घरी जायचा!

मुकुंदरावांनी मनात हिशेब मांडला. रेवतीसाठी शैलजाबाई बोलतीलच की, खातं त्यांचं! मग आपले दोन "उत्तम" हाताखालच्या, आपल्या शेजारी बसणाऱ्या दोघांना देऊन टाकू. दिले. तिकडं शैलजाबाई काय म्हणाल्या असतील? बोला, बोला! — "दसऱ्याचं काम मुकुंदरावांचं, तेच बोलतील." त्यांनीही आपले दोन वाटून टाकले.

आणि भिंतीवर नाव आलं — रेवती खुपेरकर. बैठक चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, "कोण बोलतंय?"

मुकुंदरावांनी शैलजाबाईंकडं पाहिलं. शैलजाबाईंनी मुकुंदरावांकडं पाहिलं. अहो, अजूनही वेळ होती! "माझं एक नाव मागं घेतो" — एवढंच म्हणायचं होतं. पण दिलेलं परत घ्यायचं, तेही चारचौघांत? मुकुंदरावांना लाज वाटली. कशाची लाज वाटावी, हेसुद्धा माणसाला कळत नाही बघा! त्यांनी पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला. तेवढ्यात पुढचं नाव आलं.

चार दिवसांनी रेवती त्यांच्या टेबलापाशी आली. हातात पिशवी. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. "सर, यादीत माझं नाव आहे. पण तुम्ही माझ्यासाठी भांडला असाल, मला ठाऊक आहे. दसऱ्याचं मॅडमना काय माहीत! हा घनसाळ तांदूळ, आईनं पाठवलाय गावाकडनं."

आणि मंडळी — मुकुंदरावांनी पिशवी घेतली! "असू दे, असू दे" म्हणाले आणि घेतली!

घरी भात शिजला. सगळ्या घरात वास. बायको म्हणते, "अगंबाई, कोणी दिला हो एवढा छान तांदूळ?" मुकुंदरावांनी घास उचलला आणि परत ताटात ठेवला. ताट सरकवून उठले. आरशात तोंड बघवेना त्यांना.

दुसऱ्या दिवशी धावले वरच्या मजल्यावर. "माझं एक उत्तम काढा, रेवतीला द्या!" तिथल्या बाई म्हणाल्या, "सर, यादी गेली. हे त्या दिवशी बोलायचं होतंत."

रेवतीचा शेवटचा दिवस. फाटकावर ती गळ्यातलं ओळखपत्र परत करतेय. मुकुंदराव तिच्यापुढं उभे राहिले. मान खाली. "रेवती, मी भांडलो नाही. माझ्यासमोर तुझं नाव आलं आणि मी पाणी पीत बसलो. तुझा तांदूळसुद्धा घेतला. मला लाज वाटते."

रेवतीनं ओळखपत्र पहारेकऱ्याच्या हातात दिलं. मग म्हणाली, "सर, मघाशी शैलजा मॅडमही हेच सांगून गेल्या. आज दोघंही बोललात." पर्स खांद्याला लावली. "त्या दिवशी एक पुरला असता."

आणि गेली.

... तबला राहू दे रे, बाळू. जरा शांत राहू दे.

मंडळी, मुकुंदरावांना नावं ठेवू नका. आम्ही तीन भाऊ. आईला डोळ्यांनी दिसेना झालं. थोरला म्हणायचा, डॉक्टरकडं बुवा नेईल — म्हणजे मी — त्याच्या ओळखी आहेत. मी म्हणायचो, धाकटा नेईल, त्याच्याकडं गाडी आहे. धाकटा म्हणायचा, थोरला आहे ना! दोन वर्षं, मंडळी! शेवटी शेजारची सून रिक्षानं घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, एक डोळा गेला. आणि मी इथं कीर्तनाच्या पाटावर उभा राहून तुम्हाला मातृभक्ती सांगत होतो!

तेव्हा आता सांगा, पाप कोणाचं मोठं? नका सांगू. माना खाली गेल्यात, दिसतंय मला. प्रत्येकाच्या घरी एक माणूस आहे, जो "सगळ्यांचा" आहे. आरती होईल, प्रसाद मिळेल. पण ज्याला त्या माणसाचं नाव आठवलं असेल, त्यानं आरतीला थांबू नये. चपला घालाव्यात आणि जावं. देव माझ्यावर सोपवा, त्याला मी बघतो.