बापाच्या रायफलीचं खोटं तोंड

नाव : लोवेल स्टॉफर. वय : ६१. धंदा : वेल्डिंग. राहणार : क्रीक रोड, जुन्या धान्यकोठारामागे, दक्षिण इंडियाना.

शेरीफच्या कचेरीत समक्ष हजर होऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी आयडा हिच्यासह राहतो. थोरला भाऊ ड्वेन ओढ्यापलीकडे राहतो. आमचं बोलणं बंद आहे. वडिलांनी जाताना आपली नेमबाजीची रायफल मला दिली आणि तिचं खोटं तोंड ड्वेनला. असली वाटणी दुनियेत कुणी केली नसेल.

खोटं तोंड म्हणजे काय, असं शेरीफच्या शिपायांनी विचारल्यावरून सांगतो की, ही रायफल तोंडाकडून भरतात. वडिलांनी नळीचा दोन इंच तुकडा आधी कापला, खिळ्यांवर पुन्हा जागच्या जागी बसवला आणि मग आतल्या पिळाच्या खाचा दोन्हींतून एकदमच पाडल्या. भरताना तुकडा लावायचा, त्यातून गोळी ठासायची, तुकडा काढायचा, मग बार. खऱ्या तोंडाची कड झिजत नाही. "मग दुसरा करा की," असं शिपाई म्हणाले. अहो, तेच तर वर्षभर करतोय! वेगळ्या लोखंडाचा केला की खाच केसभर हुकते, गोळी खरवडते आणि नेमाचे बारा वाजतात.

शनिवारी वडिलांच्या नावाचा नेमबाजीचा सामना आहे. तिथं मी हात हलवत जाऊ? म्हणून आज सकाळी शेडमध्ये नळी बाकावरच्या पकडीत आवळली. पुढचे दोन इंच कापून त्याचंच तोंड करायचं ठरवलं. वडिलांच्या नळीला करवत लावायची मला हौस नव्हती.

करवत टेकवली तोच ड्वेन शेडमध्ये शिरला. आयडानंच फोन केला असा माझा वहीम आहे. "काप लेका, काप! बापाचा गळाच काप!" असं तो ओरडला. मी म्हणालो, "मग दे ना तुझा तुकडा!" त्यावर तो म्हणाला, "कधी मागितलास?" मी करवत पुन्हा नळीवर टेकवली.

त्यानं ती हिसकावून घेतली. कोटाच्या खिशातून तुकडा काढला, बाहीला पुसला आणि नळीवर ठेवला. टक्‌ करून बसला. "शनिवारी घेऊन येतो. ठासायचं तू, नेम मी धरणार," असं तो म्हणाला. "रायफल माझी आहे," असं मी म्हणालो. यावर पुन्हा जुंपली. तो तुकडा खिशात घालून, माझी करवत काखेत मारून निघून गेला.

चोरी नोंदवायची का, असं शिपायांनी विचारलं. तुकड्याबद्दल माझी तक्रार नाही. करवत मात्र माझी आहे, ती परत मिळावी. पण शनिवारच्या आत नको; हातात आली तर पुन्हा नळीलाच लावीन.

हे सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी बोललो तसंच उतरलं आहे.