वाचनालयाच्या दारावरची उतरवलेली पाटी

मी, वर्ना स्टॉकडेल, वय ६३ वर्षे, व्यवसाय ग्रंथपाल, नगर वाचनालय, राहणार एल्म रस्ता, हॅडलीव्हिल. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते आणि वाचनालयात एकोणतीस वर्षे नोकरीस आहे.

वाचनालयाच्या दारावर 'आत शस्त्र आणू नये' अशी पाटी होती. गेल्या वसंतात पालिकेचे वकील श्री. ड्रेयर यांनी ती काढण्यास सांगितले. मी कारण विचारले. ते म्हणाले, "अहो बाई, पाटी लावली की कायद्यानं दारात पहारेकरी आणि धातू तपासणीची कमान ठेवावी लागते. ते न ठेवता काही झालं, तर आपल्या गळ्यात. पाटीच नसली, तर पिस्तुलाचा परवानेवाला आत येऊन काय करेल ते त्याचं तो. आपण मोकळे."

मी म्हणाले, "मग ठेवा पहारेकरी."

"वाचनालयाला? पुस्तकं चोरायला कोण येतंय!" असे म्हणून ते हसले. पाटी मी उतरवली नाही. स्क्रू त्यांनीच काढले.

शनिवारी सकाळी मुलांचा गोष्टीचा तास चालू होता. निवृत्त शिक्षिका विनिफ्रेड आल्ब्रेख्ट गोष्ट वाचत होत्या. त्या हे काम विनावेतन करतात. श्री. रॉइस टिलफर्ड नातवाला घेऊन आले होते. ते वाचनालयाच्या एकुलत्या स्वच्छतागृहात गेले, कमरेचे पिस्तूल काढून तिथल्या कागदाच्या डब्यावर ठेवले आणि ते तिथेच विसरून बाहेर येऊन वर्तमानपत्र वाचत बसले.

आमच्याकडे नियम आहे की, कुणाची विसरलेली वस्तू सापडली तर मुलांनी ती काउंटरवर आणून द्यावी. आणणाऱ्याच्या हातावर मी बक्षीस म्हणून कागदी चांदणी चिकटवते. जोसी प्रुइट, वय सहा, दोन्ही हातांत पिस्तूल धरून आली. म्हणाली, "बाई, कुणाचं तरी आत राहिलंय. मला दोन चांदण्या द्याल? जड आहे हे."

मी म्हणाले, "जोसी, खाली ठेव."

ती सांगितलेले ऐकणारी मुलगी आहे. खाली ठेवताना गोळी सुटली आणि विनिफ्रेडबाईंच्या गुडघ्यात शिरली. चांदणी दिली गेली नाही.

श्री. टिलफर्ड उठले. त्यांनी आधी पाकिटातून परवाना काढला. "हे बघा, परवाना आहे हं माझ्याकडे. कमरेला रुतत होतं म्हणून जरा काढून ठेवलं."

मी त्यांना तोंड बंद ठेवण्यास सांगितले आणि माझ्या स्कार्फने विनिफ्रेडबाईंचा पाय बांधला. त्या मुलांना म्हणत होत्या, "आज इथंच थांबू या हं. पानात खूण घालून ठेवा." नंतर श्री. टिलफर्ड यांनी मला विचारले की, पिस्तूल परत कधी मिळेल.

रविवारी श्री. ड्रेयर ॲपल पाय घेऊन माझ्या घरी आले. म्हणाले, "वर्नाबाई, जबाबात त्या चांदण्यांचा विषय काढू नका. पिस्तूल विसरला तो परवानेवाला, कायद्यानं पालिका मोकळी. पण वस्तू मुलांनी उचलून आणायची हा नियम तुमचा, म्हणजे पालिकेचा. विनिफ्रेडबाईंचा वकील तेवढंच धरून बसेल. आणि मग नोकरी तुमची जाईल, माझी नाही."

मी त्यांना त्या ॲपल पायसकट दाराबाहेर काढले.

म्हणून मुद्दाम सांगते. हा नियम मी केला. पालिकेची पगारी नोकर म्हणून केला. तो काउंटरवर ठळक अक्षरांत लावलेला आहे आणि पालिकेच्या तपासनिसांनी तो दर वर्षी पाहिला आहे. विनिफ्रेडबाईंचा गुडघा वाचणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. त्याला जबाबदार कोणीच नाही, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

हे ठाणे नगरभवनात आहे. आत येताना मला कमानीखालून जावे लागले. पहारेकऱ्याने पर्समधली शिवणाची कात्री काढून घेतली. दारावर पाटी आहे. अक्षरे तीच आहेत.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी 'अपघात' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. बाकी मी सांगितले तसेच आहे.