थ्रेस्याची खाट स्वयंपाकघरात

...नाही, सुई टोचा, गोळ्या द्या, माझं काही म्हणणं नाही! पण आल्या आल्या माझ्या चुलीवरची झाकणं उघडून बघायची? तुम्हीच सांगा, हे काय नर्सचं काम झालं? सिस्टर रमलत तिचं नाव. पंचायतीच्या होडीतून उतरते, पायरीशी चपला काढते आणि तिथूनच सुरू, "अप्पच्चा, अम्मच्चीची कूस बदललीत का? पाठ बघू. आणि हे लोणचं कुणी ठेवलंय?" अहो, घर माझं आहे!

झालं काय, तुम्हाला सांगतो, नाताळ उरकला आणि माझ्या बायकोला, थ्रेस्याला, म्हणजे सिस्टरच्या त्या अम्मच्चीला, झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणली, तर भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. पेजेचा चमचा नेला की दात घट्ट! जन्मभर माझ्यावर खेकसणारी बाई गप्प... घर नुसतं खायला उठायचं हो.

मी म्हटलं, "सिस्टर, एखादं टॉनिक द्या." तर म्हणते, "टॉनिक नको, खाट उचला." कुठं? स्वयंपाकघराच्या दारात! "आणि आजपासून कालवण तुम्ही करायचं, अम्मच्चीच्या डोळ्यांसमोर." मी? होडी वल्हवण्यात हयात गेलेला औसेप्प? बरं, तेवढ्यावर थांबेल तर! थ्रेस्याचे केस विंचरायला लावले, पाठीशी उशी देऊन ताठ बसवायला शिकवलं, "एक घोट गिळला की मगच दुसरा, घाई नको." हे काय नर्सचं काम झालं?

मग एका सकाळी, सिस्टर थ्रेस्याचा हात चोळत बसलेली, इकडे माझी मोहरी जळाली, घरभर धूर, मी खोकत खोकत भांड्यात मासा सोडणार, इतक्यात मागून... घोगरा, वाकडातिकडा, पण आवाज!

"आं...बट!"

वळून बघतो तर थ्रेस्या डावा हात उगारून, "आधी... आंबट... गाढवा!" माशाआधी कालवणात चिंच पडते, ती मी विसरलोच होतो!

हातातला मासा खाली पडला. आणि ही सिस्टर, स्वतःचे डोळे पदराला पुसत मलाच म्हणते, "रडताय काय अप्पच्चा, मासा उचला, मांजर नेईल!"

त्या दिवशी थ्रेस्यानं वाटी संपवली. वर म्हणाली, "खारट."

तेव्हापासून माझ्या घरात दोन सिस्टर. एक निदान होडी आली की जाते तरी!